शेळीची परसबाग

नाशिकहून उत्तरेकडे वणीच्या रस्त्याने निघाले, की सुमारे पंचवीस किलोमीटरांवर दिंडोरी हे तालुक्याचे गाव लागते. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर आहेत. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि ते पाणी कादवा नदीने व तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांनी पूर्वेकडच्या सपाट भागात येते. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड अशी धरणे याच तालुक्यात आहेत. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही येथील शिवार हिरवे दिसते. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे ताटवे, कोबी-फ्लॉवरचे वाफे यांच्या मधून जाणाऱ्या वाटसरूला वाटावे, की या मुलखात जनावराच्या चाऱ्याची चिंता ती काय असणार!

पण ज्याच्या दारी एकदोन शेळ्या बांधलेल्या आहेत आणि ज्याला स्वतःची शेतजमीन नाही, अशा माणसाला हा प्रश्न विचारून पाहा. तो वेगळेच सांगेल. पावसाळ्यात बांधावर, ओढ्याकाठी, माळावर गवत माजलेले असते. शेळी दिवसभर चरते आणि संध्याकाळी पोट भरून परतते. दिवाळी सरते, तसे माळ पिवळे पडतात. द्राक्षबागांची ऑक्टोबरमधील छाटणी होऊन नव्या फुटी आलेल्या असतात आणि त्यांवर रोग पडू नये म्हणून औषधांच्या फवारण्या सुरू झालेल्या असतात. वेलींखालच्या गवतावरही तेच औषध पडते. म्हणजे गवत डोळ्यांना दिसते, पण शेळीला घालता येत नाही. हिरव्यागार तालुक्यात शेळी उपाशी राहते, ती अशी.

आणि नेमक्या याच दिवसांत तिची भूक सर्वांत मोठी असते. शेळीचा गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. आषाढात गाभण राहिलेली शेळी मार्गशीर्षात विते. पुष्कळदा तिला जुळी करडे होतात. त्या करडांना दूध पाजायचे, घरच्या लहान मुलांसाठी थोडे दूध द्यायचे आणि रात्रीच्या थंडीत स्वतःचे अंग ऊबदार ठेवायचे, अशी तिहेरी कामगिरी तिच्यावर येऊन पडते. खायला मात्र कोरडा कडबा! नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत आढळणारी संगमनेरी जातीची शेळी काटक म्हणून ओळखली जाते; पण काटकपणालाही सीमा आहे. दूध आटते, करडे रोडावतात आणि शेवटी मालक शेळी बाजारात नेतो. अडचणीत विकलेल्या जनावराला भाव तो काय मिळणार? शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ती गेली, की त्या घरातील दूध गेले आणि अडीअडचणीला उपयोगी पडणारी पुंजीही गेली.

सगळ्याच प्राण्यांवर हिवाळा असा प्रसंग आणत नाही. इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक निसर्गनिरीक्षक होऊन गेले. १७८० साली त्यांनी आपल्या आत्याकडचे एक कासव घरी आणले आणि बागेत ठेवले. त्याचे नाव टिमथी. नोव्हेंबरात थंडी वाढली, की हे कासव जमिनीत पुरून घेई आणि एप्रिलच्या सुमारास पुन्हा वर येई. मधल्या काळात अन्नाचा कणही नको! (आपल्या देशात रानातील कासवे घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे येथेच सांगून ठेवतो.) कासवाचे रक्त बाहेरच्या हवेबरोबर थंड होते, म्हणून त्याला ही झोप साधते. शेळीचे अंग बारा महिने सारखेच गरम राहिले पाहिजे. ती चूल विझवून चालत नाही. तिला रोज सरपण घालावेच लागते. म्हणून शेळीसाठी हिवाळ्याची बाग करायची.

थंडीत काय उगवते, हा पहिला विचार. मका, ज्वारी किंवा हत्तीगवत ही उष्ण हवेत झपाट्याने वाढणारी पिके होत. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यातील रात्रीचे तापमान पुष्कळदा दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. अशा वेळी ही गवते जागच्या जागी थबकतात. श्रावणात कापल्यावर पाहता पाहता वर येणारे हत्तीगवत पौषात हलतसुद्धा नाही. याउलट काही वनस्पतींना थंडी मानवते. ओट हे त्यांतलेच एक. इजिप्तमधून आलेला बरसीम दुसरा. पण त्याला पाणी फार लागते. आपल्या कामाची सर्वांत चांगली वनस्पती म्हणजे लसूणघास. दिंडोरीकडचे शेतकरी तिला नुसते ‘घास’ म्हणतात. लसणाशी तिचे काही नाते नाही. तिचे नाते मेथीशी आहे, आणि तिची तीन पानांची डहाळी पाहिल्यावर ते तुमच्या लगेच ध्यानात येईल.

लसूणघास शेंगवर्गातील आहे. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन झाडाला देतात. म्हणून तिच्या पाल्यात प्रथिने पुष्कळ असतात. पाला वाळवून वजन केले, तर त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा प्रथिनांचा भरतो. ज्वारीच्या कडब्यात हे प्रमाण त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेही क्वचितच असते. शिवाय हिरव्या पाल्यातून शेळीला जीवनसत्त्व ‘अ’ मिळते, जे महिनोन्‌महिने उन्हात पडलेल्या कडब्यात उरत नाही. तिची मुळे दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही खोल जातात आणि एकदा पेरली, की नीट निगा राखल्यास ती तीन वर्षे पुन्हा पुन्हा फुटत राहते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिचे ‘आर. एल. ८८’ नावाचे वाण काढले आहे. एकच वर्ष टिकणारे वाणही बाजारात मिळते. घेताना विचारून घ्यावे.

आता थोडे गणित करू. दोन शेळ्यांसाठी एक गुंठा जागा पुरते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन; क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट. तिच्यात दहा फूट लांब व सहा फूट रुंद असे १५ वाफे पाडावेत. उरलेली जागा बांध आणि पायवाटा यांत जाते. चांगल्या जमिनीतील अशा एका वाफ्यातून एका कापणीस साडेचार ते पाच किलो हिरवा घास निघतो. दोन शेळ्यांना हा घास दोन दिवस पुरवायचा. म्हणजे दर शेळीला रोज सव्वा किलोच्या आसपास. आज पहिला वाफा कापला, परवा दुसरा, असे करीत पंधरावा वाफा कापून संपेपर्यंत महिना लोटतो. कापलेली लसूणघास पुन्हा तयार होण्यास पंचवीस ते तीस दिवस लागतात. म्हणजे शेवटच्या वाफ्यावरून विळा घेऊन उठावे, तो पहिला वाफा पुन्हा गुडघाभर उभा!

मात्र हे रहाटगाडगे नीट फिरायचे असेल, तर पेरणीही त्याच क्रमाने केली पाहिजे. पुष्कळ लोक येथे फसतात. ते एकाच दिवशी सारे वाफे पेरून मोकळे होतात. मग सगळा घास एकदम तयार होतो. आरंभी शेळ्यांना खाऊन संपत नाही, उभा घास जून होऊन काड्या कडक होतात आणि पुढे एकदम टंचाई पडते. दसऱ्यानंतर पहिला वाफा पेरावा आणि मग दर दोन दिवसांनी एकेक वाफा पेरीत जावे. महिन्याभरात पेरणी आटोपते. पेरल्यापासून पहिल्या कापणीस पन्नास ते पंचावन्न दिवस लागतात. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घास हाती येऊ लागतो.

गुंठ्याला पाव किलो बी पुरते. ते फार बारीक असते. म्हणून माती चाळल्यासारखी भुसभुशीत करावी, जमिनीत चांगले कुजलेले खत मिसळावे आणि एकेक फुटावर रेघा ओढून बी अगदी उथळ पेरावे. खोल गेलेले बी वर येत नाही. पेरण्यापूर्वी बी मिठाच्या पाण्यात टाकून पाहावे. पोकळ व हलके दाणे वर तरंगतात. ते काढून टाकावेत आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. ही खटपट उगाच नाही. लसूणघासाच्या बियांत अमरवेलीचे बी मिसळलेले असण्याचा संभव असतो. या वेलीला पाने नसतात, जमिनीत टिकणारे मूळही नसते. पिवळ्या दोऱ्यासारखी ती घासाला विळखे घालते आणि त्याचा रस शोषून जगते. एका वाफ्यात शिरली, तर बाकीचे चौदा वाफे तिला दूर नाहीत. ती दिसताक्षणी, ज्या झाडांवर असेल त्या झाडांसकट कापून जाळून टाकावी. दयामाया दाखवू नये.

हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी दिले, तरी घास तग धरतो. भाजी धुतलेले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी रोज एकेका वाफ्याला आळीपाळीने घातले, तर विहिरीच्या पाण्यात बरीच काटकसर होते. साबणाचे पाणी मात्र तिकडे वळवू नये. कापताना विळा जमिनीपासून तीन बोटे वर चालवावा, कारण नवे कोंब बुंध्यापाशी असतात.

पण सव्वा किलो घासाने शेळीचे पोट भरते काय? नाही भरत. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवे आणि अर्धा ते एक किलो कोरडे खाद्य लागते. मग उरलेले हिरवे कोठून आणावे? ते कुंपणातून आणावे. कुंपणानेच शेत खाल्ले, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे कुंपण शेळीच्या पोटात जाते, आणि तेही आपल्या इच्छेने! बागेच्या चारही बाजूंनी शेवरी, हादगा आणि शेवगा यांची झाडे ज्येष्ठ-आषाढात लावून द्यावीत. पहिल्या वर्षी बाहेरून बाभळीच्या काट्यांची दुसरी वई घालावी. नाहीतर शेळी रोपे एका सकाळीत फस्त करील. झाडे डोक्याइतकी उंच झाली, की त्यांच्या फांद्या छाटून पाला द्यावा. शेळी ही मुळी गवतापेक्षा झाडपाल्यावर जगणारी. मागच्या दोन पायांवर उभी राहून फांदी ओढणारी शेळी कोणी पाहिली नाही? म्हणून तिला पाला जमिनीवर टाकू नये. जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. पायाखाली तुडवलेला, लेंड्यांत पडलेला पाला ती हुंगून सोडून देते आणि आपली मेहनत वाया जाते. कोरड्या खाद्यात कडब्याबरोबर तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा मिळाला, तर तो ती फार आवडीने खाते.

दसरा ते डिसेंबर हे मधले दोन महिनेही निभवायचे असतात. त्यासाठी भाद्रपदात गवत फुलावर येताच कापून सावलीत वाळवून ठेवावे. बी धरून पिवळे पडल्यावर कापलेल्या गवतात सत्त्व उरत नाही. एखाद्या कोपऱ्यात मेथी टाकली, तर ती महिन्याभरात तयार होते. तिची कोवळी पाने घराला, जून काड्या शेळीला.

यापुढचा भाग मात्र नीट लक्ष देऊन वाचा, कारण येथे चूक झाली तर दोन-चार तासांत शेळी दगावते. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा; त्याला कोटीपोट म्हणतात. त्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवण्याचे काम करतात. चारा कुजताना वायू सुटतो आणि शेळी सारखी ढेकर देऊन तो बाहेर टाकते. कोवळा, ओला लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्ला, तर कोटीपोटात फेस होतो. वायू त्या फेसाच्या बुडबुड्यांत अडकतो, ढेकर येत नाही आणि पोट फुगू लागते. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली जाते. शेळी रवंथ थांबवते, दात खाते, पाय झाडते. फुगलेले पोट फुफ्फुसांवर दाबले जाऊन तिला श्वास घेता येत नाही. अशा वेळी तिला पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे आणि धावत जाऊन पशुवैद्यकास आणावे. घाबरून तिच्या तोंडात काहीबाही ओतू नये. ते श्वासनलिकेत गेले, तर एकाचे दोन होते.

ही वेळच येऊ न देणे सोपे आहे. हिवाळ्यात पहाटे घासावर दव साचलेले असते. तो घास तसाच कापून घालू नये. दुपारच्या उन्हात कापावा, चार-पाच तास पसरून सुकू द्यावा, आणि शेळीने आधी थोडा कडबा किंवा भुसा खाल्ल्यावर मगच द्यावा. नवा घास सुरू करतानाही पहिल्या दिवशी मूठभर, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, असे आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. कोटीपोटातील त्या सूक्ष्म जीवांनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

त्यांच्याविषयीची एक नवलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुबाभूळ हे झाड शेळ्यांना आवडते. पण त्याच्या पाल्यात एक विषारी द्रव्य असते. पाला फार खाल्ला, तर जनावरांचे केस गळतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या ध्यानात आले, की हवाई बेटांतील शेळ्या हा पाला खाऊनही खुशाल असतात. त्या शेळ्यांच्या कोटीपोटात या विषाचा नाश करणारा एक जिवाणू होता. १९८० नंतरच्या काही वर्षांत तो ऑस्ट्रेलियात नेऊन तेथील जनावरांच्या पोटात सोडण्यात आला आणि त्यांनाही पाला पचू लागला. पुढे त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले. आपल्या दारच्या शेळीच्या पोटात काय आहे, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून सुबाभूळ द्यायचीच तर इतर पाल्यात मिसळून थोडी द्यावी.

शेजारच्या शेतातून फुकट मिळणाऱ्या चाऱ्याविषयी फार सावध असावे. फुलोऱ्यापूर्वीची कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याअभावी खुरटलेली किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेली, खाल्ल्यास जनावराला विषबाधा होते. शेतकरी याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. टोमॅटोची तोडणी संपल्यावर उपटलेले वेल ढिगांनी पडलेले दिसतात. त्यांच्या पानांतही अपायकारक द्रव्य असते आणि वर फवारणीचे औषध असते ते निराळेच. कोबी-फ्लॉवरची बाहेरची पाने थोडी चालतात, पण त्या पिकावर कोणते औषध केव्हा मारले, हे मालकाला विचारल्यावाचून तीही आणू नयेत. द्राक्षबागेतील गवताविषयी वर सांगितलेच आहे. बागेवर मोरचूद घातलेली औषधे मारतात. मोरचुदात तांबे असते आणि मेंढ्यांना ते फार लवकर बाधते. तेव्हा शेळीबरोबर मेंढी असेल, तर त्या गवताच्या वाटेलाही जाऊ नये.

गोठ्यातील लेंड्या रोज झाडून खड्ड्यात टाकाव्यात, वर पालापाचोळा व थोडी माती पसरावी. चार-सहा महिन्यांत त्यांचे उत्तम खत होते आणि पुढच्या दसऱ्याला तेच वाफ्यांत जाते.

माघ संपून ऊन तापू लागले, की थंडीत थबकलेले हत्तीगवत जागे होते आणि घासावरचा भार हलका होतो. त्या सुमारास एखादा चांगला वाफा न कापता तसाच राखून ठेवावा. त्याला निळसर जांभळी फुले येतात. त्यांवर मधमाश्या येऊ लागल्या, की समजावे, बी धरणार. मग फुलांच्या जागी पिळदार, गुंडाळलेल्या बारीक शेंगा दिसू लागतात. त्या तपकिरी झाल्या, की सकाळच्या वेळी, दवाने थोड्या नरम असतानाच कापाव्यात. भर दुपारी कापल्या, तर फुटून बी मातीत सांडते. वाळवून, मळून, पाखडून ते बी मडक्यात राखेत घालून ठेवतात. कोणी शेजारी परसबाग करू म्हणाला, तर त्याच्या पहिल्या दोन वाफ्यांना त्यातले मूठभर बी सहज पुरते.